धरणारा हात

२०४१ सालच्या राष्ट्रीय स्पर्धेत माझी नात शाल्मली अंतिम लढत चौदा-पंधरा अशी हरली. त्या लढतीतला शेवटचा वार तिचाच आधी होता. हे मी आज लिहिते आहे. त्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत बसून मी गप्प राहिले. निकाल माणसाने दिला असता, तर मी उठून त्याला जाब विचारला असता, आणि माझा जाब काय असतो ते नाशिकच्या भांडीबाजाराला ठाऊक आहे. परंतु निकाल यंत्राने दिला होता, आणि ते यंत्र माझ्या नातवाने घडवले होते.

मी हेमलता वडके. तांब्याची भांडी ठोकून घडवण्याचा आमचा कारखाना चार पिढ्यांचा. यजमान गेल्यानंतर बेचाळीस वर्षे तो मी चालवला. ‘सांभाळला’ असे कोणी म्हटले, की मी तिथल्या तिथे दुरुस्त करते.

शाल्मली बारा वर्षांची असताना घाटात गाडी दरीत कोसळली. माझा मुलगा आणि सून त्यात गेले. थोरला नातू निनाद त्या दिवशी माझ्यापाशी होता. शाल्मली वाचली, पण तिच्या मणक्याला छातीच्या पातळीवर इजा झाली, आणि त्याखालचे सारे शरीर तिचे असूनही तिचे ऐकेनासे झाले. लोकांना पाय तेवढे दिसतात. पोटाचे आणि पाठीचे स्नायूही गेले होते, हे कुणाच्या ध्यानात येत नसे. आधार काढला, की ती रिकाम्या पोत्यासारखी एका अंगाला कलंडे. हे मी मुद्दाम सांगते, कारण ही हकीकत पायांची नाही, पाठीची आहे.

तिला तलवारीपाशी नेले ते सुभेदार घोलपांनी. सैन्यात एक पाय गमावून परतलेला हा गृहस्थ आमच्या गल्लीमागच्या व्यायामशाळेत मुलांना शिकवत असे.

“तलवार? खुर्चीत बसून?” मी विचारले.

“माई, उभ्यानं खेळणाऱ्याला मागं पळायला वाट असते,” ते म्हणाले. “इथं दोन्ही खुर्च्या लोखंडी चौकटीत आवळून टाकतात. मधे हातभर अंतर. पळणार कुठं? भित्र्याचा खेळच नव्हे हा.”

“मग उद्यापासून घेऊन जा तिला,” मी म्हणाले. “आमच्यात भित्रे निपजत नाहीत.”

आणि ती तशीच निघाली. आमच्या घराण्याचे हात आखूड. या खेळात ज्याचा हात आखूड, त्याच्या सोयीने दोन खुर्च्यांमधले अंतर ठरते. लांब हातांच्या मुली नाक मुरडत, आणि शाल्मली चौकट बांधणाऱ्यांना सांगे, “अजून जवळ घ्या. मला त्यांच्या मुखवट्याच्या जाळीतून भुवया दिसल्या पाहिजेत.” एकोणिसाव्या वर्षी ती राष्ट्रीय विजेती झाली. तिच्या उजव्या हाताला खेळाचा हातमोजा असे. ज्या डाव्या हाताने ती खुर्चीची कड धरी, त्याच्या तळव्याला मात्र बोराएवढा घट्टा पडला होता. रविवारी मी त्याला खोबरेल चोळत असे. चोळता चोळता त्याचा अर्थ माझ्या लक्षात यायला हवा होता. आला नाही.

आता या खेळाचा एक नियम. फॉइल नावाच्या लवचिक तलवारीचे टोक प्रतिस्पर्ध्याच्या धडाला टेकले, की दिवा लागतो. दोघांचे दिवे एकदम लागले, तर ज्याने चढाई आधी सुरू केली त्याला गुण. आधी कोण, हे पंच आपल्या डोळ्यांनी ठरवी. २०३६ साली आशियाई स्पर्धेच्या अंतिम लढतीत एका पंचाने शाल्मलीचे तीन गुण धडधडीत समोरच्या मुलीला दिले. ती रौप्यपदक घेऊन परतली. निनादने ते पदक हातात घेतले आणि म्हणाला, “शाले, यापुढं तुझा निकाल कुणाच्या डोळ्यांवर राहणार नाही. तशी सोय करतो मी.”

पुण्यात त्याची स्वतःची प्रयोगशाळा होती. त्याच्या विचाराचे मूळ साधे होते. मेंदूची आज्ञा स्नायूला पोचते, तेव्हा स्नायूत विजेची बारीकशी लहर उठते. प्रत्यक्ष हालचाल त्यानंतर होते. सेकंदाच्या विसाव्या भागाएवढ्या उशिराने. डोळ्याला हालचाल दिसते, आज्ञा दिसत नाही. निनादने धातूच्या तंतूंनी विणलेली एक बाही तयार केली. ती हातावर चढवली, की ही लहर केव्हा उठली ते यंत्राला कळे. दोन खेळाडूंपैकी कोणाला आज्ञा आधी मिळाली, एवढे मोजले की चढाई कोणाची ते ठरले. यंत्राचे नाव त्याने ‘उगम’ ठेवले.

पहिली बाही तयार झाली, तेव्हा ती घेऊन तो थेट माझ्या कारखान्यात आला. तलवारीआधी त्याला ती कसलेल्या हातांवर पारखायची होती.

“माई, एकच बाही आहे. काशिनाथमामांच्या कोणत्या हाताला बांधू?”

“हातोडीच्या,” मी म्हणाले.

इथे आमच्या घरचा एक रिवाज सांगितला पाहिजे. बाहेरचे कोणी काम बघायला आले, की आमचे कारागीर डाव्या मनगटावर ओले फडके टाकतात. हात घसरू नये म्हणून असेल, असे पाहुण्यांना वाटते. पाहुणे हातोडीकडे बघत बसतात. तिचा ठोका, तिचा नाद, तांब्यावर उमटणारे चकचकीत ठिपके. बघू द्यावे. निनाद आला त्या दिवशी आमचे सगळ्यांत जुने कारागीर काशिनाथ मिस्त्री यांनी, फडके उचलू का, अशा नजरेने माझ्याकडे पाहिले होते. मी मान हलवली. नाही म्हणून. यंत्रात उतरलेली गोष्ट उद्या कुठे जाईल याचा नेम नाही, असा विचार मी केला. तो विचार शहाणपणाचा आहे, असे मला पुढे चार वर्षे वाटत होते.

उगम सर्वत्र गाजला. आशियाई मंडळाने २०३९ साली त्याला मान्यता दिली. कारखान्याच्या अंगणात मंडप घालून मी निनादला माझ्या हाताने ठोकून मठारलेला तांब्या दिला आणि भर सभेत म्हणाले, “वडक्यांच्या घरातून आजवर खोटे भांडे बाहेर गेले नाही, आता खोटा निकालही जाणार नाही.” टाळ्या पडल्या. शाल्मली सगळ्यांत जोरात वाजवत होती.

त्यानंतर ती हरू लागली.

एकदम नाही. एक लढत, मग दोन. दोन्ही दिवे एकदम लागत, आणि उगम दर वेळी म्हणे, शाल्मली उशिरा. दिवाळीला निनाद घरी आला, तेव्हा फराळाच्या ताटावर वाद पेटला.

“दादा, तुझं यंत्र खोटं बोलतंय.”

“यंत्र बोलत नाही, शाले. मोजतं. तू सेकंदाच्या बाराव्या भागानं मागं आहेस. हे बघ आलेख.”

“आलेख तुझ्या चकलीत गुंडाळ आणि खा.”

“तू सव्वीस वर्षांची झालीस. वेग कमी होतो माणसाचा, त्यात लाज कसली?”

ती खुर्ची वळवून आत गेली. पंचाने अन्याय केला तेव्हा ती भांडली होती. यंत्राने सांगितले तेव्हा ती स्वतःवरच संशय घेऊ लागली. सरावात थांबून आपल्या उजव्या हाताकडे परक्यासारखी बघे. आणि मी, घरातली कर्ती बाई, मी काय केले? मी तिला बजावले, “घरच्या कामावर बाहेर बोट दाखवायचं नाही. वेग वाढव.”

वेग वाढवण्याची युक्ती इतर खेळाडूंनी केव्हाच शोधली होती. तलवारीचा हात न हलवता नुसता आतून आवळायचा. लहर उठते, यंत्र चढाई लिहून घेते. खरा वार मागाहून केला तरी चालतो.

“हे तलवार खेळत नाहीत, माई,” सुभेदार वैतागून म्हणाले. “हिवताप भरल्यागत नुसते थरथरतात. पण जिंकतात. पोरीला शिकवू का तेच?”

शाल्मलीने पंधरा दिवस ते करून पाहिले आणि सोडले. “सुभेदारकाका, आवळलेल्या हातानं माझा वार मरतो. हरले तर माझ्या वारानं हरेन.” ज्या राष्ट्रीय लढतीचा उल्लेख मी आरंभी केला, ती यानंतरची. जागतिक स्पर्धेच्या निवड-चाचणीला मग तीन महिने उरले होते, आणि तीत हरली तर खेळ सोडायचा, असे तिने ठरवले होते. मला तसे सांगायला ती एका दुपारी कारखान्यात आली.

मी काही बोलायच्या आत तिने काशिनाथ मिस्त्रींकडे हातोडी मागितली.

“राग काढायचाय, मामा. एखादं रद्दी भांडं द्या.”

“आपल्याकडं रद्दी भांडं नसतंय, ताई. मोडीचा पत्रा हाय, त्याच्यावर काढा.”

पत्रा लोखंडी दांड्यावर ठेवला. मिस्त्रींनी तो धरला, कारण शाल्मलीला धरता येईना. तिचा डावा हात खुर्चीच्या कडेला होता, आणि तो सोडला असता तर ती पुढे पडली असती. मी तिच्या डाव्या अंगाला उभी होते. तिने हातोडी उचलली, आणि मला दिसले: आधी तिच्या डाव्या मनगटावरची शीर टरारून वर आली, खुर्चीची कड खेचली गेली, त्या खेचेने धड पुढे आले, आणि मग कुठे हातोडी निघाली. दुसरा ठोका. तसाच. तिसरा. तसाच.

“थांबू नकोस,” मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला.

बेचाळीस वर्षे नवा कारागीर ठेवताना मी त्याच्या हातोडीकडे कधी पाहिले नाही. मी त्याचा डावा हात पाहिला. ठोका हातोडी मारते. पण तो कुठे, केव्हा आणि किती पडायचा, ते भांडे धरणारा हात आधी ठरवतो. दोन ठोक्यांच्या मधे तो भांडे केसभर फिरवतो, आणि हातोडी त्याच्या मागून येते. हीच आमची विद्या. हीच आम्ही फडक्याखाली झाकतो. आणि निनादने विचारले होते, “कोणत्या हाताला बांधू?”

मी त्याला फोन केला. “असशील तसा ये. दोन बाह्या घेऊन ये.”

तो संध्याकाळी पोचला. मी त्याला पाणीसुद्धा विचारले नाही. शाल्मलीच्या दोन्ही हातांना बाह्या चढवायला लावल्या आणि सुभेदारांना समोर बसवून वीस वार करवले. पडद्यावर दोन रेषा उमटत गेल्या. डाव्या हातातली लहर उजव्याच्या आधी उठत होती. विसांपैकी वीसही वेळा, सेकंदाच्या नवव्या-दहाव्या भागाने आधी.

निनाद तुटक तुटक बोलू लागला, आणि ते आम्हांला समजावणे नव्हते, स्वतःची झडती होती. उभा खेळाडू पायांनी आणि कमरेने पुढे येतो. खुर्चीतल्या ज्यांची पाठ शाबूत आहे, ते पाठीने येतात. त्यांच्या तलवारीच्या हाताला आज्ञा जवळजवळ त्याच क्षणी मिळते, म्हणून एका बाहीने भागले. पण जिची पाठच नाही, तिला धड पुढे आणायला एकच साधन: रिकामा हात. तिची चढाई तिथे उगम पावते, आणि तिथे बाही नाही. ज्याचे शरीर जितके अधिक गेलेले, त्याला यंत्र तितके उशिरा ठरवणार.

“म्हणजे मी हळू नाही,” शाल्मली म्हणाली.

“तू सगळ्यांत आधी आहेस, शाले. दोन वर्षं.” मग तो माझ्याकडे वळला. “माई, कामाला सुरुवात कोणता हात करतो हे तुला माहीत होतं. मी विचारलं होतं तुला.”

“विचारलं होतंस,” मी म्हणाले. “मी तुला कारखान्याच्या मालकिणीचं उत्तर दिलं. आजीचं द्यायला हवं होतं. चूक माझी.”

हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच उच्चारले. दोन्ही नातवंडांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू भिंत बोलली.

“चाचणी होऊ दे,” निनाद हलक्या आवाजात म्हणाला. “पुढच्या आवृत्तीत दुसरी बाही घालतो गुपचूप. आत्ता कबूल केलं तर दोन वर्षांचे सगळे निकाल उकरले जातील. माझं नाव...”

“काशिनाथ,” मी हाक मारली, “आपल्या भांड्याला चीर निघाली तर आपण काय करतो?”

“गिऱ्हाइकाच्या हाती जायच्या आत ते भांडंच आपल्या हातोडीनं चेपून मोडीत टाकतो, माई. मालकासमोर.”

निनादने त्याच रात्री मंडळाला पत्र लिहिले. अक्षर ठाम होते. त्या क्षणी मला त्याचा जो अभिमान वाटला, तो मंडपातल्या टाळ्यांच्या वेळी वाटला नव्हता.

आठवड्यात उत्तर आले. एका खेळाडूचा पुरावा पुरेसा नाही, आणि ती यंत्रकर्त्याची बहीण. खेळाशी संबंध नसलेल्या निदान दहा कुशल हातांच्या नोंदी हव्यात. तज्ज्ञांना तपासता याव्यात म्हणून त्या जगजाहीर केल्या जातील. मग विचार करू.

आमच्याकडे अकरा कारागीर होते. आणि यंत्राने हातघडणीची भांडी काढू पाहणारी एक बडी कंपनी गेली दोन वर्षे आमच्या दाराशी घुटमळत होती. त्यांच्या यंत्राला हातोडी साधली होती. धरणे साधत नव्हते.

मी सगळ्यांना ओट्यावर बसवले आणि काय मागितले आहे ते सांगितले.

“फडकं काढायचं?” काशिनाथ म्हणाले. “माझ्या बापानं मरताना माझ्याकडून शपथ घेतलीया, माई.”

“माहीत आहे. ती शपथ माझ्या सासऱ्यांनी घालून दिली होती. त्यांच्या जागी आज मी आहे, म्हणून ती मी मोडते. पाप लागलं तर मला लागेल.”

“आन् आपल्याकडं उरंल काय?”

“ते मला ठाऊक नाही,” मी खरे ते सांगितले. “पण आपण हात झाकला म्हणून एका पोरीचा हात जगाला दिसला नाही. तिच्यासारख्या आणखी किती असतील, देव जाणे. ज्याला नको असेल त्यानं उठून जावं. मी विचारणार नाही.”

कोणी उठले नाही. थोड्या वेळाने काशिनाथांनी आपल्या मनगटावरचे फडके काढले, पिळले आणि घडी करून माझ्या पायांपाशी ठेवले. “बांधा बाही,” ते निनादला म्हणाले. “आन् नीट बांधा. मागल्या टायमाला लई ढिली बांधली हुतीस.”

अकरा कारागिरांच्या, म्हणजे बावीस हातांच्या नोंदी झाल्या. अकराही जणांचा धरणारा हात आधी. शाल्मलीच्या नोंदी त्यांच्याशेजारी मांडल्या, तेव्हा तिची रेषा कोणती आणि कारागिरांच्या कोणत्या, हे निनादलाही ओळखता येईना. तिला कोणी मठारकाम शिकवले नव्हते. चार पिढ्यांचे काम तिच्या हाती आले होते, आणि मी तिला खेळ खेळणारी समजत होते.

त्या कंपनीने सहा महिन्यांत यंत्राच्या घागरी बाजारात आणल्या, हे मी लपवत नाही. आमची मागणी घटली. ती गोष्ट वेगळी, तिच्याशी मी वेगळी लढेन.

मंडळाने चाचणीपुरती दुहेरी बाही मान्य केली. दोन्हींपैकी ज्या हाताला आज्ञा आधी मिळाली आणि तिच्या मागोमाग वार खरोखर निघाला, तिथून चढाई धरायची. नुसते थरथरणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. सुभेदारांनी मला पेढा दिला, तो त्याबद्दल.

अंतिम लढत मणिपूरच्या थोइबीशी. उमदी मुलगी, अंतर ठरवताना शाल्मलीने “अजून जवळ” म्हटल्यावर हसून म्हणाली, “दीदी, मांडीवर येऊन बसू का?” चौकटी आवळल्या गेल्या. मी या वेळी पहिल्या रांगेत बसले नाही. शाल्मलीच्या डाव्या अंगाला, कोपऱ्यातल्या बाकावर, सुभेदारांच्या शेजारी जागा घेतली. निनाद यंत्रापाशी होता. काशिनाथ मिस्त्री आयुष्यात प्रथमच नाशिकबाहेर आले होते आणि माझ्यामागे उभे होते.

दहा-सात. दहा-अकरा. तेरा-तेरा. थोइबीचे पाते पाण्यातल्या सापासारखे फिरे. चौदा-चौदा.

पंचाने हात खाली केला. सगळे सभागृह दोन तलवारींच्या टोकांकडे बघत होते. मी त्या डाव्या हाताच्या, बाहीबाहेर राहिलेल्या मनगटाकडे बघत होते, ज्या हाताला मी दर रविवारी तेल चोळले होते. शीर वर आली. मी उठून उभी राहिले.

दोन्ही दिवे एकदम लागले. यंत्र विचारात पडले.

“माई, बसा,” सुभेदार कुजबुजले. “निकाल यायचाय अजून.”

“निकाल लागला, सुभेदार,” मी म्हणाले.

मागून काशिनाथांचा आवाज आला, “व्हय. लागला.”

मग यंत्रानेही तेच सांगितले.